सड्यावर विजेच्या खांबाशिवायचं घर बांधायचंय (राजापूर तालुका), सल्ला हवा

सडा_बोलावतोय

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात आमची वडिलोपार्जित जमीन आहे, वाडीपासून वर सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर). आजोबांनी लावलेले काजू, थोडे आंबे, बाकी कातळ आणि गवत. एक जुनी विहीर आहे, तिला मार्च संपेपर्यंत पाणी असतं. विजेचा शेवटचा खांब खाली वाडीत. वर लाइन न्यायची तर बरेच खांब लागतील, आणि मधे तीन जणांच्या जमिनी आहेत. त्यातला एक आमच्याशी बोलत नाही.

बायको आणि मी सध्या पुण्यात, दोघांचंही काम लॅपटॉपवर. पाऊस धरून वर्षाचे आठ-नऊ महिने तिथे राहायचं ठरतंय. डोक्यात आहे ते असं: चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) दोन खोल्या, पुढेमागे पडवी, मंगलोरी कौलं, सोलर, छतावरचं पाणी, गोबरगॅस. सोलरवाल्याने एक किलोवॉटची पॅनल्स आणि दोन बॅटऱ्या "आरामात पुरतील" असं सांगितलंय. घराची जागा अगदी कडेला धरली आहे, तिथून अर्जुना नदीचं सगळं खोरं दिसतं (फोटो जोडलाय).

सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत. आमच्या वाट्याला, म्हणजे मी आणि धाकटा भाऊ मिळून, ५२ गुंठे येतात. कुठून सुरुवात करू?

फेरफार_नोंद

सातबाऱ्यापासून. चौदा नावांच्या जमिनीत तुम्ही उद्या घर बांधलंत आणि परवा मुंबईच्या चुलत्यांना गावाची आठवण आली, की घर तुमचं आणि खालची जमीन सगळ्यांची. सगळे सहधारक सही द्यायला तयार असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटणीचा अर्ज करा. एक जरी अडला तरी रस्ता दिवाणी कोर्टाचा. त्यामुळे आधी चहा-पोहे, मग अर्ज.

आता मुद्द्याचं. शेतजमिनीवर शेतघर बांधायला जमीन किमान ०.४ हेक्टर लागते, म्हणजे ढोबळ ४० गुंठे. तुम्ही आणि भाऊ मिळून ५२ आहात. उत्साहाच्या भरात भावाशीही वाटणी केलीत तर दोघांकडे २६-२६ राहतील आणि शेतघर दोघांनाही बांधता येणार नाही. चुलत्यांपासून वेगळे व्हा, भावाबरोबर सामायिक राहा. भावाशी काय ते लिहून ठेवा.

"शेतघराला एन.ए. (बिगरशेती परवानगी) लागत नाही, मग परवानगी कशाला" असं गावात कोणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका. एन.ए. वेगळं, बांधकामाचा मंजूर नकाशा वेगळा.

सडा_बोलावतोय

हे २६-२६ चं डोक्यातच आलं नव्हतं! भाऊ वाटणीसाठीच मागे लागलाय. एक उपप्रश्न: पुण्यातला एक मित्र शेजारची जमीन घेऊ म्हणतोय. त्याच्या घरात कोणाचीच शेती नाही.

फेरफार_नोंद

मग नाही घेता येणार. कूळकायदा, कलम ६३. शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. "शेतकरी दाखला करून देतो" म्हणणारे एजंट भेटतील, त्यांच्यापासून मित्राला लांब ठेवा. त्याला तुमच्या पडवीत झोपू द्या, स्वस्त पडेल.

चिरेखाण

फोटो बगलंय. थय कडेर घर नको हां. मालवणीत सांगून झाला, आता सगळ्यांना कळेल असं लिहितो.

सड्याची कड दिसायला छान. पण वरच्या कातळावरचं सगळं पाणी पावसाळ्यात त्याच कडेवरून खाली उतरतं. वर जांभा, त्याच्या खाली चिकण माती. पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकणीवर अडतं आणि आडवं सरकायला लागतं. जुलै २०२१ मध्ये महाडजवळ तळीयेत काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, २०२३ ला इर्शाळवाडी. तुमची कड तशीच आहे असं मी म्हणत नाही. पण जमिनीला चंद्रकोरीसारखी भेग दिसते का, झाडं खालच्या बाजूला कललीत का, पावसात नवीनच झरा फुटतो का, हे एक पावसाळा जाऊन बघा. कडेपासून चांगलं आत या, झाडीच्या आडोशाला. कडेवर बसायला बाकडं टाका. व्ह्यू बाकड्यावरूनही तोच दिसतो.

चिऱ्याबद्दल. खाणीतून काढल्यावर चिरा मऊ असतो, हवा लागून घट्ट होत जातो. म्हणून ताजा चिरा लगेच भिंतीला लावायची घाई करू नका. पिवळट, मातीची भोकं असलेला परत पाठवा. नैऋत्येची भिंत झडीची. त्या बाजूला एकतर पडवी पुढे ओढा किंवा गिलावा करा. उघडा चिरा फोटोत भारी दिसतो, पण झड लागली की आषाढात आतून ओल येते, कपाटातले कपडे बुरसतात. आपल्या जुन्या लोकांनी पडवी झोपाळा टांगायला ठेवलेली नव्हती, भिंत सुकी राहावी म्हणून होती.

आणि सगळ्यात आधी ट्रक वर येतो का ते बघा. नाही आला तर चिरा डोक्यावरून चढवायची मजुरी चिऱ्याच्या किमतीला गाठते.

पश्चिम_वारा

थोडं कडू बोलतो. हे ऑफ-ग्रिडचं, म्हणजे खांबाच्या विजेशिवाय राहायचं, खूळ पुण्यात फ्लॅट ठेवून करता येतं. वाडीतल्या माणसाला विचारा, त्याला खांब हवाय. तीन जणांच्या जमिनीतून परवानगी मिळवा, महावितरणचं कनेक्शन घ्या, सुखाने जगा. जे पैसे बॅटरीत घालणार ते खांबात घाला, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, खांब नाही.

ओटीवरून

पश्चिमराव, अर्धं पटलं. माझ्या सासूबाईंनी निम्मा संसार चिमणीच्या उजेडात केला, त्यांना कोणी ऑफ-ग्रिड म्हटलं नाही. पण आमच्याकडे लांज्यात दारात खांब आहे आणि पावसात एखादी फांदी पडली की तो नुसता शोभेला असतो. खांब असला तरी बॅटरी लागतेच.

आणि तो न बोलणारा शेजारी! त्याच्या दारात गणपतीत जाऊन या. कोकणात निम्म्या परवानग्या गणपतीत मिळतात.

वायर_नाना

आता सोलरवाल्याच्या "आरामात पुरतील" कडे वळू. मी दापोलीकडचा, आयुष्य तारांमध्ये गेलं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या मोडल्या, खांब आडवे झाले आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेव्हा ज्यांच्याकडे दोन पॅनल होती त्यांच्या पडवीत सगळी वाडी मोबाइल चार्ज करायला बसायची. तर माझा सोलरला विरोध नाही, सरासरीला विरोध आहे.

तुमचा विक्रेता वर्षाची सरासरी धरतो: दिवसाला पाच तास चांगलं ऊन. कागदावर बरोबर. पण तुम्ही आषाढात तिथे राहणार आहात, सरासरीत राहणार नाही. सलग ढग असताना हिशोबाला दोनच तास धरा.

तुमचा वापर मांडून बघू. दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे, ३० वॉटचे, दहा तास: ६०० वॉट-तास. सहा एलईडी ९ वॉटचे, पाच तास: २७०. दोन लॅपटॉप आणि राउटर मिळून ८० वॉट, आठ तास: ६४०. छोटा फ्रिज ८००. मिक्सर ५०. पाऊण-एक एचपीचा पंप अर्धा तास: ३७५. बेरीज २,७३५, म्हणजे पावणेतीन युनिटं. वायर, इन्व्हर्टर, बॅटरी यांत तीस टक्के जातात असं धरलं तर पाच तासांच्या उन्हाला पाऊण किलोवॉट पॅनल पुरतं. म्हणून तो एक किलोवॉट म्हणतोय. दोन तासांच्या उन्हाला तेवढ्याच वापरासाठी जवळजवळ दोन किलोवॉट लागतं.

पण आषाढात पंखा कशाला लावाल? आणि विहीर तोंडाशी भरलेली असताना पंपही नको. ते दोन वजा करा, १,७६० उरतात. त्याला सव्वा किलोवॉट. दीड बसवा आणि निवांत राहा.

बॅटरी दोन दिवसांची हवी, म्हणजे साडेतीन युनिटं. साधी ट्युब्युलर (पाणी घालावी लागणारी शिशाची बॅटरी) निम्म्यापेक्षा जास्त उतरवली की लवकर मरते, म्हणून १२ व्होल्ट १५० एएच (अँपिअर-तास) च्या चार लागतील. विक्रेत्याने दोन सांगितल्यात, तिथेच गणित चुकलं. लिथियम आयर्न फॉस्फेट ऐंशी टक्क्यांपर्यंत वापरता येते, ती ४८ व्होल्ट १०० एएचची एक पुरेल. महाग पडते, पण पाणी घालत बसावं लागत नाही, आणि तुम्ही तीन-चार महिने पुण्यात असाल तेव्हा ट्युब्युलरमध्ये पाणी कोण घालणार? ट्युब्युलरचा एक गुण मात्र सांगतो. ती तालुक्याला मिळते आणि दुरुस्त करणारा माणूसही मिळतो.

पॅनल कौलांवर चढवू नका. एक माकडं, दुसरं कौलं बदलायला पॅनल उतरवावी लागतात. जमिनीवर लोखंडी सांगाडा करा, पाय काँक्रीटमध्ये, वादळ डोळ्यांपुढे ठेवून. तोंड दक्षिणेला. तुमच्याकडे अक्षांश साडेसोळाच्या पुढे, पुस्तकी कोन तेवढाच. पण जून-जुलैत सूर्य डोक्यावर, किंबहुना थोडा उत्तरेलाच असतो, आणि पावसाळा हाच तुमचा अडचणीचा काळ, म्हणून दहा-बारा अंशच ठेवा. त्याहून सपाट केलंत तर धूळ आणि शेवाळ धुऊन जात नाही.

सडा_बोलावतोय

नाना, साष्टांग नमस्कार. सबसिडीचं काय?

वायर_नाना

पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेची सबसिडी ग्रीडला जोडलेल्या घरांना आहे. खांब नाही तर ती नाही. "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे असतात (अनुसूचित जाती-जमातींना पाच), अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा पंप. पण त्याला पाण्याचा शाश्वत स्रोत लागतो, आणि तुमची विहीर मार्चला तळ दाखवते. शिवाय तो पंप शेतीचा आहे, त्याच्या पॅनलवर घर जोडायची आयडिया कोणी दिली तर घेऊ नका.

एक राहिलं. अर्थिंग. कातळात सळई ठोकली की झालं असं इलेक्ट्रिशियन म्हणेल. कोरडा जांभा वीज जमिनीत जाऊ देत नाही. खोल खड्डा, कोळसा-मीठ, आणि न्हाणीघराचं थोडं पाणी तिकडे वळवा म्हणजे वैशाखात तो ओला राहील, कारण वळवाच्या विजा तेव्हाच पडतात. सड्यावर तुमचा सांगाडा ही एकच उंच लोखंडी वस्तू असणार. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक आलेला लोंढा अडवणारा) पॅनलच्या बाजूलाही हवा, नुसता घरात नको.

ओटीवरून

नानांनी आषाढ सांभाळला, मी वैशाख सांभाळते. खरं मरण तिथे आहे. वीज नसली तर माणूस लवकर झोपतो, पाणी नसलं तर पुण्याला परत जातो.

छताचा हिशोब सोपा: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर पडव्या धरून ६० चौरस मीटर असेल, पाऊस तीन हजार मिलिमीटर धरला आणि वीस टक्के उडालं-सांडलं म्हटलं तर १,४४,००० लिटर. आकडा बघून हुरळून जाऊ नका. ते सगळं चार महिन्यांत येतं, जेव्हा तुम्हाला त्याची काडीची गरज नसते. प्रश्न साठवायचं किती. विहीर मार्चअखेर सुटते. एप्रिल, मे आणि जूनचा पहिला आठवडा-पंधरवडा, पाऊस लांबला तर अजून थोडा, असे ८० दिवस धरा. दोघांना मिळून रोज १४० लिटर, म्हणजे ११,२०० लिटर. पाहुणे येणारच, मे महिन्यात आंब्याला कोण येत नाही? फेरोसिमेंटची (लोखंडी जाळीवर सिमेंट थापलेली) वीस हजार लिटरची टाकी बांधा. उजेड आत जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. तोंडाला जाळी, नाहीतर डासांची पैदास. पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी टाकीत घेऊ नका, कौलांवरची वर्षाची घाण त्यात असते.

पिण्याचं उकळून घ्या. विहिरीत टीसीएल (जंतुनाशक ब्लीचिंग) पावडर कधी, किती टाकायची ते ग्रामपंचायतीच्या माणसाला विचारा, त्याला रोजची सवय असते.

कलमं जगवायला मात्र हे पाणी वापरू नका. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं कोकण जलकुंड बघा. प्लास्टिकचं अस्तर घातलेला खड्डा, नव्या कलमांना पहिली वर्षं पुरतो.

किवीकर

न्यूझीलंडमधून. इथे गावाबाहेर छताचं पाणी टाकीत साठवून वर्षभर पिणं अगदी सर्रास आहे, पण इथला पाऊस बारा महिने विखुरलेला असतो, टाकी सारखी भरत राहते. इथले टाकीचे आकडे कोकणात लावू नका. ओटीवरून ताईंचा हिशोबच बरोबर.

पहिलं पाणी वळवायला उभा पाइप ठेवतात. तो आधी भरतो, त्यातला चेंडू वर येऊन तोंड बंद करतो, मग पाणी टाकीकडे जातं. कोणताही प्लंबर करून देईल.

गोठा_रिकामा

गोबरगॅसबद्दल कोणी बोललं नाही. गुरं आहेत का? दोन घनमीटरच्या प्लांटला रोज ५० किलो शेण लागतं. जर्सी असेल तर चार-पाच जनावरांत जमतं, आपली गावठी गाय लहान, दिवसभर सड्यावर चरते, निम्मं शेण तिकडेच पडतं. "गुरं नाहीत पण गोबरगॅस करू" ही शहरी कल्पना आहे. वाडीतून शेण विकत आणणार असाल तर तुम्ही ऑफ-ग्रिड नाही, शेणग्रिडवर आहात.

गुरं नसतील तर पुण्याच्या 'आरती' संस्थेचं मॉडेल बघा. डॉ. आनंद कर्वे यांनी उष्टं-खरकटं, पीठ, सडकी फळं यांवर चालणारं लहान संयंत्र बसवलं. त्याला शेण फक्त सुरुवातीला. पण दोन माणसांच्या घरात खरकटं किती निघणार? सकाळचा चहा होईल. बाकीला सिलेंडर ठेवा, त्यात कमीपणा नाही. काजू-आंब्याच्या छाटणीचं लाकूड असेलच, न्हाणीला चूल.

गुरं घ्यायचं ठरलंच तर झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानने सिंधुदुर्गात गोबरगॅसचं बरंच काम केलंय, जाऊन बघा.

सडा_बोलावतोय

शेणग्रिड! बायको हसून हसून दमली. गुरं नाहीत, घेणारही नाही. गोबरगॅस रद्द.

संडासाचं? सेप्टिक टँक सुचवतायत.

चिरेखाण

टँकचा मैला उपसायला गाडी वर येणार काय? नाही ना. मग दोन शोषखड्डे. एक भरला की दुसरा चालू करायचा, पहिला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा, मग उघडला की नुसती माती मिळते, कलमांना घाला. कणकवलीच्या गोपुरीत अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखताचं काम १९४८ नंतर केलं, तेव्हा लोक नाकं मुरडायचे. आता त्यालाच इको म्हणतात.

सावधगिरी एकच. जांभ्याला भोकं असतात, खड्ड्यातलं पाणी कुठून कुठे जाईल सांगता येत नाही. विहिरीच्या उताराकडच्या बाजूला आणि जमेल तितकं लांब खड्डे घ्या. आणि पावसाळ्यात त्या जागी दोन हात खणून पाणी किती वर आहे ते बघा. खड्ड्याचा तळ पाण्यात बुडणार असेल तर जागा बदला.

रात्रपाळी_नर्स

हे न विचारलेलं, पण लिहिते. सड्यावर फुरसं (छोटा विषारी साप) असतंच. चिऱ्याचे ढीग, कौलांची रास, लाकडं घराला टेकून ठेवू नका. जोतं उंच, पाइपच्या भोकांना जाळी, रात्री पायात बूट आणि हातात बॅटरी. आपल्याकडे मिळणारी सर्पदंशाची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारांवर चालते, चापड्यावर नाही. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात ती आहे का ते घर बांधायच्या आधी चौकशी करा. सड्यावरून रात्री माणसाला खाली कसं आणणार तेही ठरवा.

कोकणातला लाल विंचू साधा समजू नका. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी त्यावर प्राझोसिनचा उपचार रूढ केला तोवर माणसं दगावत होती. घाम, उलट्या, हातपाय गार पडणं दिसलं की मांत्रिक नको, दवाखाना.

पश्चिम_वारा

वणवा राहिला. सड्यावरचं गवत फेब्रुवारीपासून पेटतं, कोणी बिडी टाकतं, कोणी मुद्दाम लावतं. दिवाळीनंतर घर आणि पॅनलभोवती रुंद पट्टा गवत काढून मोकळा करा, दर वर्षी. नानांचा सांगाडा वादळात टिकेल, त्याच्या वायरी वणव्यात टिकणार नाहीत.

(खांब घ्या हे माझं मत कायम आहे.)

सडा_बोलावतोय

खूप आभार. तर ठरलं ते: या वर्षी बांधकाम नाही. आधी चुलत्यांशी बोलणं आणि वाटणी, भावाबरोबर सामायिकच. पावसात कडेची जागा बघायची, घर आत घ्यायचं. पहिलं बांधकाम टाकीचं आणि एका खोलीचं, सोलर दीड किलोवॉट, बॅटरी लिथियम. गणपतीत न बोलणाऱ्या शेजाऱ्याकडे जाणार. पश्चिमरावांसाठी खांबाबद्दलही विचारीन.

मोजणीचा अर्ज वाटणीआधी करू की नंतर?

फेरफार_नोंद

आधी. हद्दी कुठे आहेत हेच माहीत नसेल तर वाटणार काय? भूमी अभिलेखकडे अर्ज करा, मोजणीच्या दिवशी सगळ्या लगतधारकांना नोटीस जाते, म्हणजे तो शेजारीही येईल. मोजणी झाली की नकाशाची 'क' प्रत घ्या. आणि काजूच्या बागेत जुने हद्दीचे दगड असतील तर आत्ताच शोधून ठेवा, पावसानंतर गवतात दिसणार नाहीत.